हरळीला ओलं झोपवू नये

काकींच्या वाडीत पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं, आत देऊळ असणार. फाटकाशी चपलांची रांग, शेजारी प्लास्टिकचा टब, टबात ब्लीचिंग पावडरचं पाणी, आणि त्या पाण्यात एक जाडजूड टेम्पोवाला पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उभा. समोर काकी. मिटलेली छत्री काठीसारखी टेकलेली. तोंडाने मोजणं चालू, "सत्तावीस, अठ्ठावीस, हलू नको."

"अहो काकी, गवत न्यायला आलोय. ऑपरेशनला चाललोय का मी?"

"मगाशी कुठं होतास?"

"नालासोपाऱ्यात. एका बंगल्यावरचं जुनं लॉन उचललं."

"का उचललं?"

"सडलं होतं."

काकींनी छत्रीचं टोक पुन्हा टबाकडे केलं. "मग आजून तीस."

मी मागे उभी होते. चप्पल काढली आणि त्याच्यानंतर पाण्यात उतरले. तीसच्या जागी चाळीस मोजले. उगाच कमी पडायला नको.

"तू कोन गं?" काकींनी विचारलं.

"कामाला आले. तुमच्या भाच्यांच्या बिल्डिंगवर वॉचमन आहेत ना, त्यांची मी..."

"तीस सांगितले तर चाळीस उभी राहिलीस."

"चुकून कमी होतील म्हणून."

"घाबरट हायेस," त्या म्हणाल्या. "बरी हायेस. धीट मानसं हरळी मारतात."

माझी नोकरी अशी लागली.

मी हिंगोली जिल्ह्यातली. सातवीनंतर शाळा सुटली, म्हणजे सोडवली. लग्न झालं, आणि आमच्या ह्यांना वसईत वॉचमनची जागा मिळाली तशी मुलीला कडेवर घेऊन इकडे आलो. गाव इतकं लांब पडलं की सारखं वाटत राहायचं, काही चुकलं तर परत जावं लागेल. परत जाऊन करायचं काय, ते मात्र सुचायचं नाही. काकींनी वाडीतली पंपाशेजारची खोली आम्हाला दिली. मुलीचं नाव शाळेत घालायला स्वतः आल्या आणि तिथल्या बाईंना म्हणाल्या, "ही माझ्याकडची हाय." त्या तीन शब्दांवर मी किती दिवस काढले, माझं मला माहीत.

काकी वसईजवळच्या ह्याच गास गावातल्या, जुन्या बागायतदार घरातल्या. सासऱ्यांची पानवेल होती, विड्याच्या पानांची. पानमळ्यात कोणी चप्पल घालून जायचं नाही, पाय धुतल्याशिवाय तर नाहीच, असा त्यांच्या घरचा नेम. लोक म्हणायचे वेलीत देवी असते. काकी म्हणायच्या, "देवी असेल नायतर नसेल, पायाला चिखल असतो नि चिखलात कूज असते. एका मळ्यातून दुसऱ्यात पायानं जाते." पुढे पानवेल परवडेना, मुलगा मुंबईला बँकेत लागला, आणि काकींनी त्याच वाडीत लॉन लावलं. जमिनीवर प्लास्टिक अंथरायचं, वर माती आणि खत, त्यावर गवत. मग चटईसारखं गुंडाळून टेम्पोत. वेल बदलली, नेम तोच ठेवला.

लॉन हा शब्द त्या गिऱ्हाइकापुरता वापरायच्या. त्यांच्यासाठी ती हरळीच. हरळीचीच बारीक पानाची जात, नर्सरीवाले तिला सिलेक्शन म्हणतात. "जल्मभर ही उपटून उपटून बोटं वाकडी झाली," त्या हात पुढे करून दाखवायच्या, "आनि आता हिलाच लोक फुटावर मोजून नेतात. सासरे वर कपाळ बडवत असतील."

पानमळ्याचा आणखी एक नेम मला ठाऊक होता, बायकांच्या चार दिवसांचा. पहिल्याच महिन्यात मी फाटकाबाहेर उभी राहून चाचरत विचारलं, "काकी, मी आज आत येऊ का?" त्यांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा छत्री आपटली. "ते सासऱ्यांचं. आम्ही सगळ्या बाहेर बसायचो, तरी वेल सडायची ती सडलीच. हरळीला चप्पल कळते. बाकी काय कळत नाय. जा, कामाला लाग."

घरातल्यांशी त्या आपल्या घरच्या बोलीत बोलत. ती मला अर्धी कळायची. शिव्या मात्र पूर्ण कळायच्या, आणि जास्त करून मशीनला असायच्या. गवत कापायच्या मशीनचं पातं त्या नखावर ओढून बघत. बोथट पातं गवत कापत नाही, ओरबाडतं. ओरबाडलेल्या पानाचं टोक पांढरं पडतं, आणि तिथून बुरशीला आत जायला वाट मिळते. "तुझ्या बोटाला ब्लेड लागलं तर दोन दिसांत भरतं. कुत्रं चावलं तर भरतं का लवकर?" एवढं बोलून त्या पातं माझ्या हातात द्यायच्या, आणि मी घासायला बसायची.

आणि पाणी. पाण्याच्या बाबतीत काकी वेड्याच होत्या. पाणी द्यायचं ते पहाटे. ऊन आलं की पान वाळलं पाहिजे आणि सूर्य बुडताना सुकंच पाहिजे. रोज संध्याकाळी जुन्या सुती साडीचा चौकोनी तुकडा त्या गवतावर टाकायच्या, वर तळवा दाबायच्या, मग तो तुकडा गालाला लावायच्या. ओल लागली की वाडीतल्या प्रत्येकाची चौकशी. मी एकदा विचारलं, "काकी, एवढंसं ओलं राहिलं तर काय होतंय?"

"तू पोरीला न्हायला घालून ओल्या केसांनी झोपवतेस?"

"नाही."

"का?"

"सर्दी होईल."

"मग हरळीला का झोपवायचं?"

पहाटेचं दवसुद्धा त्यांना चालत नसे. दोघींनी दोन टोकं धरून लांब दोरी गवतावरून ओढत न्यायची, म्हणजे पात्यावरचे थेंब खाली पडतात आणि पान लवकर वाळतं. शेजारच्या वाडीतले हसायचे, "काकी गवताला झोपेतून उठवतेय." काकी ओरडायच्या, "उठवते! तुझ्यासारखं आठपर्यंत लोळू देत नाय!"

औषधाच्या विरुद्ध त्या नव्हत्या, लोक उगाच तसं समजत. कपाटात बुरशीचं औषध कुलपात असायचं, किल्ली कमरेला. गिऱ्हाईक आलं की आधी औषधच मागायचं. काकी त्याला तीन प्रश्न विचारत. पाणी कधी देता, युरिया किती मारता, वारा कुठून येतो. उत्तरं ऐकून बहुतेकांना औषध न देताच परत पाठवत. अशाने धंदा कसा चालला, देव जाणे. पण चालला. काकी जाऊन आता दोन पावसाळे झाले, तरी माणसं त्यांचे तीन प्रश्न मला म्हणून दाखवतात.

आता मी केलेला घोळ सांगते.

वसईतल्याच एव्हरशाईन सिटीत एका सोसायटीने बागेसाठी आमच्या वाडीतून हरळी नेली होती. ती सांभाळायला काकींनी मला दिली. म्हणाल्या, "आता ते तुझं. बोलवल्याशिवाय मी येनार नाय." मी गासहून रोज तिथे जायला लागले. आयुष्यात पहिल्यांदा कुणी एखादी गोष्ट माझी म्हणून दिली होती, आणि मला आनंदापेक्षा धडकीच जास्त भरली. ते गवत गेलं तर सोसायटी मला काढणार हे तर झालंच. पण जिने जन्मभर सडण्याशी भांडण केलं, तिच्याच खोलीत मी कुठल्या तोंडाने राहणार होते?

पहिल्याच दिवशी बघितलं, बागेचं पाणी संध्याकाळी सहाला सोडतात. सोसायटीतलं वापरलेलं पाणी साफ होऊन टाकीत यायचं, आणि सहाला वॉचमन कॉक फिरवायचा. तेव्हाच बोलायला हवं होतं. सेक्रेटरी साहेब सकाळी सातला मुंबईला निघायचे, कानाला फोन. मी दोनदा जिन्याशी उभी राहिले आणि दोनदा "गुड मॉर्निंग साहेब" म्हणून परत आले.

पावसाळाभर गवताने सोसलं. गणपती झाले आणि साहेब जाता जाता म्हणाले, "ताई, बाजूच्या सोसायटीचं लॉन बघितलंत? काय डार्क आहे! आपलं फिकं वाटतं." झालं. मला रात्रभर तेच. दुसऱ्या दिवशी मी युरिया फेकला. आठ दिवसांनी पुन्हा फेकला. काकी म्हणायच्या, युरियाने गवत फुगतं, पान मऊ होतं, मऊ पान बुरशीला आवडतं. मला सगळं पाठ होतं. पण भीतीपुढे पाठ केलेलं कुठे उभं राहतं?

गवत हिरवंगार झालं. साहेब खूश. पाचव्या दिवशी मधोमध ताटाएवढं गोल तपकिरी झालं.

काय करावं? माणूस घाबरला की झाकतो. गेटजवळ झेंडूच्या कुंड्या होत्या. त्यातली एक उचलली आणि त्या गोलावर ठेवली. दोन दिवसांनी आणखी एक गोल. आणखी एक कुंडी. मग पामची. मग क्रोटनची. एक कुंडी कडेला ठेवली तर कुणाला संशय येईल म्हणून तिच्या जोडीला दोन चांगल्या जागेवर ठेवल्या. चौथ्या मजल्यावरच्या मॅडम थांबून म्हणाल्या, "किती छान मांडलंय हो तुम्ही!" साहेबांनी फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, आपल्या माळीताईंचं लँडस्केपिंग. मी घरी येऊन रडले.

कुंड्या संपल्या. दुसऱ्या बिल्डिंगमधून उसन्या आणल्या. आमचे हे एकदा सुट्टीच्या दिवशी डबा द्यायला आले आणि बघतच राहिले.

"अगं, लॉन कुठंय?"

"आहे की."

"कुठंय? मला नर्सरी दिसतेय. काकींना फोन कर."

"नको."

"तू करतेस की मी करू?"

मी केला. शनिवारी काकी रिक्षाने आल्या. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात ब्लीचिंगच्या पाण्याची बाटली. गेटवर सगळ्यांसमोर आपल्याच पायांवर ती ओतली आणि अनवाणी आत आल्या. कुंड्यांकडे बघितलं.

"एवढ्या कुंड्या कशाला गं?"

मी एका कुंडीतलं पिकलं पान खुडलं.

त्यांनी वाकून एक कुंडी बाजूला केली. खाली काळपट चिकचिकाट. झाकल्यामुळे आणखीच सडलं होतं. दुसरी सरकवली. मग गोलाच्या कडेचं एक पान दोन बोटांत धरून हळूच ओढलं. ते मुळापासून सुटून आलं, जणू कुणी आधीच खोचून ठेवलं होतं. बुडाशी तपकिरी, बुळबुळीत. नाकाशी नेलं.

"पानी संध्याकाळी?"

"हो."

"युरिया?"

"दोनदा."

"आनि मला फोन आता."

मला रडू फुटलं. काकी म्हणाल्या, "रडू नको. आधीच ओल कमी नाय हितं."

मग त्या गवतात बसल्या, मलाही बसवलं. म्हणाल्या, "मूळ बघ. वरचं गेलंय, खाली मातीत पसरलेले दोर जिते हायत. हरळी हाय ही. मी चाळीस वर्सं मारायला बघितली, मेली नाय."

"मग औषध मारू?"

"मारू. एकदा. पन रोज संध्याकाळी भिजवून रोज औषध मारशील तर ते औषध नाय, खेळ झाला. पानी सकाळी झालं पाहिजे. सेक्रेटरीला सांग."

"काकी, तुम्ही सांगा ना. तुमचं ऐकतील."

"लॉन माझं हाय का?"

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी साहेब खाली आले तेव्हा कुंड्या सगळ्या भिंतीला लावलेल्या, आणि हिरव्यावर अकरा तपकिरी गोल उघडे पडलेले. काकी लांब बाकावर उघडी छत्री घेऊन आमच्याकडे पाठ करून बसल्या होत्या.

"साहेब, गवताला बुरशी लागली. चूक माझी आहे. मी युरिया जास्त मारला. आणि मी झाकून ठेवलं."

साहेब गोलांकडे बघत राहिले. "म्हणजे त्या कुंड्या डिझाईन नव्हत्या?"

"नाही."

"अहो ताई, मी ग्रुपवर फोटो टाकला! छत्तीस लोकांनी अंगठा दिलाय!"

मॉर्निंग वॉकचे एक आजोबा थांबून ऐकत होते, ते मोठ्याने हसले. साहेबांना हसू आलं नाही. म्हणाले, "बघा, कमिटीत आधीच चाललंय की आर्टिफिशियल टर्फ टाकून मोकळं व्हा. पाणी नको, माळी नको, झंझट नको. आता मी त्यांना काय सांगू?"

माळी नको, म्हणजे मीच नको. पण एकदा बोलायला लागल्यावर थांबायची पण भीती वाटते. मी म्हटलं, "सांगा की पाणी संध्याकाळी देतो म्हणून असं झालं. ते सकाळी सोडा. बाकीचं मी भरून काढते."

"सकाळी? सकाळी सगळ्यांना ऑफिसची घाई, प्रेशर कमी होतं. पॉसिबलच नाही."

"बागेची लाईन वेगळी आहे साहेब. टाकीपण वेगळी. मी बघितलंय. आणि पाचला कोण आंघोळ करतं?"

"मी," आजोबा म्हणाले. "पण माझ्याकडे बादली असते."

साहेबांनी कपाळावरून हात फिरवला. "दिवाळीपर्यंत पाचला देतो पाणी. दिवाळीच्या आधीच्या रविवारी कमिटी बघेल. नाही झालं तर टर्फ."

बाकावरून काकींचा आवाज आला, मान न वळवता, "प्लास्टिकवरपन शेवाळ येतं, साहेब."

जाताना काकींनी शाबासकी वगैरे दिली नाही. रिक्षात बसताना एवढंच म्हणाल्या, "आवाज हाय की तुला. मी समजले नाय."

मग मी कामाला लागले. औषध एकदाच मारलं. युरिया बंद. कापलेलं गवत तिथे पडू द्यायचं नाही, बाहेर न्यायचं. मशीनची चाकं आणि पातं प्रत्येक वेळी धुवायचं. आजारी गोल आधी कापायचे नाहीत, चांगलं गवत आधी, गोल शेवटी. भिंतीकडच्या बदामाच्या खालच्या फांद्या परवानगी काढून छाटल्या, तसा वारा आत आला. काटेवाल्या दाताळ्याने जमिनीत भोकं पाडली, वर बारीक रेती चाळून टाकली.

आणि दोरी. दोरीला दोन माणसं लागतात, मी एकटी. एक टोक झाडाला बांधून ओढून बघितलं, जमेना. तिसऱ्या दिवशी ते पाचला आंघोळ करणारे आजोबा आले. म्हणाले, "द्या ते टोक. नाहीतरी मी गोल गोल फिरतोच, जरा सरळ फिरतो." पुढच्या आठवड्यात त्यांच्याबरोबर त्यांची मंडळी आली. ती आजी दोरी ओढताना एवढं बोलायची की दव तिच्या आवाजानेच पडत असेल. चौथ्या मजल्यावरच्या मॅडमनी एकदा विचारलं, "हा कोणता व्यायाम?" आजी म्हणाल्या, "गवताचा."

काकी येणार नव्हत्या, आल्याही नाहीत. फक्त एकदा, ऑक्टोबरच्या उन्हात, मी रेती चाळताना बाहेरच्या जाळीपलीकडे एक छत्री दिसली. मी हात पुसून गेटपर्यंत गेले तोवर रिक्षा निघाली होती. घरी आल्यावर मी विषय काढला नाही. त्यांनीही नाही. पण त्या संध्याकाळी खोलीवर केळफुलाची भाजी आली.

ऑक्टोबर कडक पडला आणि हरळीला तेच हवं होतं. गोलाच्या कडेने दोर आत सरकायला लागले. रोज सकाळी मी वाकून बघायची, कालच्यापेक्षा बोटभर पुढे. आडवा दोर, त्याला गाठ, गाठीला दोन हिरवी पानं. कुणी फाटकं शिवत बसावं तसं. अकराचे आठ झाले, आठाचे चार.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी कमिटीची तिघं माणसं खाली आली. साहेब पुढे. मी ठेवणीतली साडी नेसले होते. तिघं सगळीकडे फिरले. मधोमध एक गोल राहिला होता, भाकरीएवढा. साहेब नेमके तिथेच थांबले.

"हा राहिलाय."

"हो. सगळ्यात आधीचा तोच आहे, जास्त खोल गेला होता. अजून महिना लागेल."

"लपवला नाहीत?"

"नाही."

ते तिघं बाजूला जाऊन बोलले. मला ऐकू येत नव्हतं. मी त्या भाकरीएवढ्या जागेकडे बघत राहिले आणि मनात म्हटलं, टाका तुमचं प्लास्टिक, मी जेवढं केलं तेवढं खरं केलं. असं मी आयुष्यात कधी मनात म्हटलं नव्हतं.

साहेब परत आले. खिशातून फोन काढला, काहीतरी लिहायला घेतलं आणि थांबले.

"ताई, एक सांगा. आता थंडी येईल. तर वॉचमनला पाण्याचं काय सांगू? रोजच पाचला का?"

मी मागे बाकाकडे बघितलं. बाक रिकामा होता. प्रश्न मलाच विचारला होता.

"थंडीत रोज नको," मी म्हटलं. "लिहून घ्या."